तिसरा रकाना : बडोद्याजवळच्या एका चिमणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याहून पादरा गावाच्या दिशेला निघालं की कापूस, तूर आणि केळीच्या शेतांमध्ये मधूनच एखादा कारखाना लागतो. त्यातल्याच एकाची ही हकिकत. कारखाना रसायनांचा. त्याला वाफही लागते आणि वीजही, म्हणून त्याने ३० मेगावॉटचा स्वतःचा पॉवर प्लांट टाकला. एक बॉयलर, एक टर्बाइन, एक चिमणी. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. आकड्यांची गोष्ट मात्र जशी घडली तशीच सांगतो आहे.

बॉयलर सीएफबीसी जातीचा आहे. यात कोळसा जाळीवर पडून जळत नाही. राख आणि वाळूचा तापलेला थर खालून येणाऱ्या हवेवर आधणासारखा खदखदत असतो आणि त्यात कोळसा ८५० अंशांच्या आसपास जळतो. या जातीचे दोन फायदे. तापमान कमी असल्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडं मुळातच कमी तयार होतात. शिवाय त्याच थरात चुनखडीची भुकटी सोडली की कोळशातलं गंधक तिथल्या तिथे बांधलं जातं आणि राखेबरोबर बाहेर पडतं. आपल्या गुजरातच्या लिग्नाइटमध्ये गंधक भरपूर असतं, त्यामुळे लिग्नाइट जाळायचं असेल तर ही जात सोयीची. हा कारखाना सुमारे ७० टक्के उष्णता इंडोनेशियाच्या कोळशातून आणि ३० टक्के भरूच जिल्ह्यातल्या लिग्नाइटमधून घेत होता. लिग्नाइट जवळचं, त्यामुळे स्वस्त.

या प्रकरणात तारखांना फार महत्त्व आहे, म्हणून त्या इथेच देतो. पर्यावरण मंजुरी २०१३ ची. बॉयलरची ऑर्डर २०१४ ची. बॉयलरची हायड्रॉलिक टेस्ट ऑगस्ट २०१६ मध्ये झाली. वीज प्रत्यक्ष सुरू झाली जून २०१७ मध्ये.

मधल्या काळात, ७ डिसेंबर २०१५ रोजी, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक वीजकेंद्रांसाठी नवी मानकं अधिसूचित केली. त्याआधी आपल्याकडे कोळशाच्या विजेला देशभर लागू असणारी मर्यादा जवळजवळ धूलिकणांपुरतीच होती. सल्फर डायऑक्साइडसाठी फक्त चिमणीच्या उंचीचा नियम होता, म्हणजे वायू कमी करू नका, उंच नेऊन सोडा. २०१५ च्या तक्त्याने सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं, पारा आणि पाण्याचा वापर या सगळ्यांना पहिल्यांदा आकडा लावला. मला ही अधिसूचना आपल्या पर्यावरण कायद्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या कागदांपैकी एक वाटते.

तक्त्याला तीन रकाने आहेत. २००३ अखेरपर्यंत बसवलेली युनिटं पहिल्यात, २००४ ते २०१६ मधली दुसऱ्यात आणि १ जानेवारी २०१७ पासूनची तिसऱ्यात. ५०० मेगावॉटपेक्षा लहान युनिटाला दुसऱ्या रकान्यात धूलिकण ५०, सल्फर डायऑक्साइड ६०० आणि नायट्रोजनची ऑक्साइडं ३०० (ही मर्यादा २०२० मध्ये ४५० झाली). तिसऱ्या रकान्यात तेच आकडे ३०, १०० आणि १००. सगळे एका सामान्य घनमीटर (म्हणजे ठरावीक तापमान-दाबावर मोजलेल्या) धुरामागे मिलिग्रॅममध्ये.

अडचण

२०२२ च्या मध्यावर कारखान्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मिळणाऱ्या संमतिपत्राचं, म्हणजे सीसीएचं, नूतनीकरण झालं. आधीच्या सीसीएमध्ये दुसऱ्या रकान्याचे आकडे होते. नव्या कागदावर ३०, १००, १०० असं छापून आलं.

कारखान्याचे जी.एम. आपल्या बडोद्याचेच, दांडिया बाजारात वाढलेले मराठी गृहस्थ. त्यांनी मला फोन केला तो एवढ्याचसाठी : "टायपिंगची चूक झालीये. तुम्ही एक व्यवस्थित पत्र करून द्या, आपण दुरुस्ती करून घेऊ." माझं काम पर्यावरण सल्लागाराचं, अशी पत्रं मी नेहमी लिहितो. दोन तासांचं काम वाटलं.

त्याच आठवड्यात दुसरा कागद आला होता. शेजारच्या गावच्या सरपंचांनी तक्रार केली होती की वेचणीच्या वेळी कापसावर राखाडी थर बसतो आणि व्यापारी भाव पाडतो. मागच्या हंगामातलं एक बोंड त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्जाला टाचलं होतं. मी ते बोटांत धरून चोळलं. बोटांवर जे आलं ते मातीसारखं लालसर नव्हतं. ती हाताला चुन्यासारखी लागणारी, बारीक, पिठासारखी राख होती. ती याच चिमणीची असं मी त्या दिवशी ठामपणे म्हणू शकलो नसतो, त्या पट्ट्यात इतरही बॉयलर आहेत. पण ती पिशवी मी पत्राच्या फाइलमध्येच ठेवली.

पहिला निर्णय : पत्र लिहायचं का?

कारखान्याच्या वकिलांचं म्हणणं कच्चं नव्हतं. अधिसूचनेत शब्द आहे 'बसवलेली' युनिटं. ऑगस्ट २०१६ मध्ये बॉयलर उभा होता, त्याची टेस्ट झाली होती आणि तसा दाखला हातात होता. मग तो २०१६ पर्यंत बसवलेलाच, म्हणजे दुसरा रकाना.

मी अधिसूचना पुन्हा काढून वाचली. तिसऱ्या रकान्याच्या मथळ्यावर दोन छोट्या चांदण्या आहेत. खाली तळटीप आहे : ज्यांना पर्यावरण मंजुरी मिळाली आहे आणि ज्यांचं बांधकाम चालू आहे, अशी सगळी युनिटं यातच धरायची. डिसेंबर २०१५ मध्ये या युनिटाला मंजुरी मिळून दोन वर्षं झाली होती आणि बांधकाम चालू होतं. तळटीप जणू याच युनिटासाठी लिहिली असावी इतकी चपखल बसत होती. चूक असलीच तर ती आधीच्या सीसीएमध्ये होती, आणि ती इतकी वर्षं कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

मी जी.एम. साहेबांना सांगितलं की हे पत्र माझ्या सहीने जाणार नाही. ते नाराज झाले आणि ते स्वाभाविकच होतं. पण मी आणखी एक विनंती केली : पत्र बाजूला ठेवा, आधी चिमणीवर जाऊन बघू. दुसरा रकाना मिळाला तरी आपण त्यात बसतो का?

कंट्रोल रूमच्या पडद्यावर धूलिकण ४१ आणि सल्फर डायऑक्साइड ४६५ दिसत होतं. दोन्ही दुसऱ्या रकान्याच्या आत, त्यामुळे सगळे निश्चिंत. त्याच पडद्याच्या कोपऱ्यात आणखी एक आकडा होता, त्याकडे कोणी बघत नव्हतं : ऑक्सिजन १० टक्के.

हे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण सगळं प्रकरण इथेच फिरलं. एका घनमीटर धुरात किती मिलिग्रॅम, असं मोजायचं तर धुरात बाहेरची हवा मिसळली की आकडा आपोआप खाली येतो. दुधात पाणी घालून फॅट कमी दाखवण्यासारखं. म्हणून कोळशाच्या विजेला मोजमाप ६ टक्के ऑक्सिजनच्या आधारावर आणायचं असतं. हिशेब सोपा आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. २१ मधून ६ वजा केले की १५. २१ मधून प्रत्यक्षातले १० वजा केले की ११. मोजलेल्या आकड्याला १५ ने गुणा आणि ११ ने भागा. ४१ चे ५६ होतात आणि ४६५ चे ६३४.

म्हणजे ज्या रकान्यासाठी भांडायचं होतं, त्या रकान्यातही कारखाना नापास होता.

ही हवा कोणी मुद्दाम घातली नव्हती. बॉयलरच्या तोंडाशी ऑक्सिजन ४ टक्के होता आणि चिमणीत १०. म्हणजे वाटेत कुठेतरी गळती होती. बॉयलरवर पंचवीस वर्षं काढलेले एक काका होते. ते म्हणाले, "चला, दाखवतो." खिशातून उदबत्तीचा पुडा काढला, एक पेटवली आणि एअर प्रीहीटरपासून ईएसपीकडे (धुरातली राख विजेच्या भाराने पकडणाऱ्या यंत्राकडे) जाणाऱ्या डक्टच्या कडेने हात फिरवत चालू लागले. कापडी एक्स्पान्शन जॉइंटच्या खालच्या कोपऱ्याशी उदबत्तीचा धूर सरळ वर जायचा तो आडवा झाला आणि कोणीतरी ओढून घ्यावा तसा आत गेला. आत आयडी फॅनची, म्हणजे धूर चिमणीकडे ओढणाऱ्या पंख्याची, ओढ असते, त्यामुळे भेगेतून धूर बाहेर येत नाही, हवाच आत जाते, आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. ईएसपीच्या राखेच्या हॉपरखालच्या झडपाही तशाच निघाल्या. काका म्हणाले की हे त्यांना माहीत होतं, पण कोणी विचारलं नव्हतं.

पत्राचा विषय तिथे संपला. वकिलांनीही मग आग्रह धरला नाही.

समोरचे पर्याय

कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणतात, यांच्यासमोर सप्टेंबर २०२२ मध्ये बैठक झाली.

सगळ्यात मोहाचा पर्याय होता थांबण्याचा. देशभर तेच चाललं होतं. २०१५ च्या मानकांची पहिली मुदत डिसेंबर २०१७ ची होती, ती २०२२ पर्यंत गेली. एप्रिल २०२१ मध्ये वीजकेंद्रांचे अ, ब, क असे गट पाडून वेगवेगळ्या तारखा दिल्या गेल्या. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवरच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आत असेल तर 'अ'. अतिप्रदूषित पट्ट्यापासून किंवा हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरापासून तेवढ्याच अंतरात असेल तर 'ब'. बाकी सगळे 'क'. आमच्या बैठकीच्या थोडं आधी, ५ सप्टेंबर २०२२ ला, सल्फर डायऑक्साइडची मुदत आणखी दोन वर्षांनी वाढली होती. अकाउंट्सचे साहेब म्हणाले, "सरकार स्वतःच थांबतंय, आपण कशाला धावायचं?"

या प्रश्नाला उत्तर देणं सोपं नव्हतं. मी एवढंच म्हणालो की आपल्या सीसीएवर छापलेल्या आकड्यापुढे मुदतीची तारीख नाही. मंत्रालयाची मुदत पुढे गेली म्हणून आपलं संमतिपत्र आपोआप बदलत नाही. आणि सरपंचांची तक्रार राखेची आहे. ही वाढलेली मुदत फक्त सल्फर डायऑक्साइडची आहे, राखेची नाही.

दुसरा पर्याय मोठ्या वीजकेंद्रांसारखा ओला एफजीडी बसवण्याचा, म्हणजे चुनखडीच्या पाण्याने धूर धुण्याचा. ३० मेगावॉटला तो झेपत नाही. पाणी लागतं, जिप्समची विल्हेवाट लावावी लागते, जागाही नव्हती. पाच मिनिटांत बाद झाला.

तिसरा पर्याय गॅसचा. बॉयलर बंद करून गॅस टर्बाइन आणि तिच्या गरम धुरावर वाफ. कारखान्यात नुकतीच लागलेली एक तरुण इंजिनिअर होती, तिने हा पर्याय फार चांगला मांडला. आपल्या तक्त्यात कार्बन डायऑक्साइडचा रकानाच नाही, हे तिनेच दाखवून दिलं. ब्रिटनने २०१३ च्या ऊर्जा कायद्यात ५० मेगावॉट आणि त्यावरच्या नव्या केंद्रांना विजेच्या एका युनिटमागे कार्बन डायऑक्साइडची ४५० ग्रॅमची मर्यादा घातली. कॅनडात जुलै २०१५ पासून गिगावॉट-तासाला ४२० टनांची, म्हणजे युनिटमागे ४२० ग्रॅमची आहे. चांगल्यात चांगलं कोळशाचं केंद्रही ७५० ग्रॅमच्या खाली सहसा येत नाही आणि गॅसचं कंबाइंड सायकल ४०० च्या आत बसतं. त्यामुळे कार्बन पकडून जमिनीत पुरल्याशिवाय तिथे नवा कोळसा उभाच राहू शकत नाही. तिचा मुद्दा असा की आज नाही तर उद्या हा रकाना आपल्याकडेही येईल आणि तेव्हा आपला लहान बॉयलर हजाराच्या वर असेल. शेठ तिचं शांतपणे ऐकत होते. पण युक्रेनच्या युद्धानंतर आयात गॅसचे भाव त्या वर्षी कुठच्या कुठे गेले होते. पर्याय बाजूला पडला.

राहिला चौथा : इंधन बदलायचं, चुनखडी वाढवायची आणि राख पकडण्याची व्यवस्था सुधारायची. याचं गणित मी फळ्यावर मांडलं. एक किलो लिग्नाइटमध्ये २ टक्के गंधक धरलं तर २० ग्रॅम. जळल्यावर ऑक्सिजन जोडला जाऊन वजन दुप्पट, ४० ग्रॅम सल्फर डायऑक्साइड. त्या किलोतून कोरडा धूर निघतो साडेचार-पाच घनमीटर. भागाकार केला की साडेआठ हजार मिलिग्रॅमच्या घरात. इंडोनेशियाच्या ०.२ टक्के गंधकाच्या कोळशाचं हेच उत्तर ६३० च्या आसपास येतं. ७०-३० च्या मिश्रणाचं तीन हजारांच्या आसपास. चुनखडी त्यातलं ८० टक्के बांधत होती, म्हणून आपण ६०० च्या वर रेंगाळत होतो. १०० वर यायचं तर ९७ टक्के बांधायला हवं, आणि नुसत्या थरातल्या चुनखडीकडून ते होत नाही. लिग्नाइट काढून टाकलं तर ८५ टक्के पुरतं.

शेठनी फळ्याकडे बघून एकच प्रश्न विचारला : "म्हणजे सगळा खेळ लिग्नाइटचा?" मी हो म्हणालो. ते उत्तर पुरतं बरोबर नव्हतं, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

काय केलं

आधी गळत्या बंद केल्या. दोन जॉइंट बदलले, हॉपरच्या झडपा बदलल्या. चिमणीतला ऑक्सिजन १० वरून साडेसहावर आला. आयडी फॅनची करंट उतरली, म्हणजे तेवढी वीज वाचली. पण पडद्यावर धूलिकण ४१ चे ५४ झाले. जी.एम. साहेबांचा सकाळी सात वाजता फोन : "पैसे खर्च करून आकडा वाढवून घेतला का आपण?" मी जाऊन त्यांच्यासोबत पुन्हा हिशेब केला. ६ टक्क्यांवर आणलेला आकडा तोच होता, ५६. फक्त त्यातलं पाणी निघालं होतं. ते समजले, पण त्यांची अडचण खरी होती. मुख्यालयात बसलेल्या माणसाला फक्त पडद्यावरचा आकडा दिसतो. म्हणून आम्ही पडद्यावर कच्च्या आकड्याशेजारी ६ टक्क्यांवरचा आकडा मोठ्या अक्षरात आणला.

नोव्हेंबरमध्ये लिग्नाइट पूर्ण बंद केलं आणि चुनखडीचा डोस वाढवला. सल्फर डायऑक्साइड आठवड्यात १३० पर्यंत उतरलं. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. आणि धूलिकण ८० च्या पुढे गेले.

ही चूक माझी. ईएसपी राखेला विजेचा भार देऊन प्लेटांकडे ओढते. राख तो भार किती सहज सोडते यावर सगळं अवलंबून असतं. गंधकयुक्त इंधनाच्या धुरात थोडा सल्फर ट्रायऑक्साइड असतो, तो राखेच्या कणांवर बसतो आणि वीज वाहायला मदत करतो. गंधक काढलं की ती मदत जाते. त्यात चुना वाढवला की राखही वाढते आणि तिचा विरोधही वाढतो. हे मी कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, विद्यार्थी असताना शिकलो होतो. फळ्यावर गंधकाचं गणित मांडताना राखेचं मांडलं नाही. आणि नोव्हेंबर म्हणजे ऐन कापूस वेचणीचा हंगाम. ज्या गावाची तक्रार राखेची होती, त्याच गावावर मी वेचणीच्या महिन्यात जास्त राख पाडली.

मी आणि जी.एम. साहेब सरपंचांकडे गेलो. बाजेवर बसवून त्यांनी चहा दिला. आम्ही सगळं खरं सांगितलं : एक गोष्ट कमी करायला गेलो, दुसरी वाढली, दुरुस्तीला शटडाउन लागेल. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की खरं सांगायला कारखान्यातून कोणी घरी आलं, ही पहिलीच वेळ. त्यांनी एक मागणी केली : रात्री बॉयलर चालू करताना जो काळा लोट येतो तो वेचणीच्या दिवसांत येता कामा नये. आम्ही तोपर्यंत त्या लोटाचा विचारच केला नव्हता. बॉयलर सुरू करताना तेल जाळतात आणि तेव्हा आग लागण्याच्या भीतीने ईएसपी बंद ठेवतात. मानकाच्या कुठल्याही चर्चेत ते काही तास धरलेच गेले नव्हते.

मधला मार्ग म्हणून १५ टक्के लिग्नाइट परत आणलं. सल्फर डायऑक्साइड पुन्हा वर गेलं, धूलिकण खाली आले. मंडळाला लेखी कळवलं आणि कामाचं वेळापत्रक दिलं. २०२३ च्या वार्षिक शटडाउनमध्ये ईएसपीचं पहिलं फील्ड (पहिला कप्पा) ठेवून पुढच्या जागेत बॅग फिल्टर बसवला. कापडी पिशव्यांना राखेच्या विद्युत विरोधाशी काही देणंघेणं नसतं. धूर पिशव्यांपर्यंत पोचण्याआधी डक्टमध्ये विरी गेलेला (पाण्याने विझवलेला) चुना फवारण्याची सोय केली. हा चुना पिशव्यांवर थर धरून बसतो आणि उरलेलं गंधक तिथे पकडतो. म्हणजे पिशवी दोन कामं करते. चुनखडी वाढवल्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडं १३० ची १५० झाली होती (चुना त्या बाजूला थोडा उलटा पडतो). त्यासाठी सायक्लोनच्या (धुरातली जड राख वेगळी करून बॉयलरमध्ये परत पाठवणाऱ्या भांड्याच्या) तोंडाशी युरियाचं द्रावण फवारायची व्यवस्था केली. त्यानंतरच लिग्नाइट कायमचं बंद केलं.

काय झालं

२०२४ च्या उन्हाळ्यापासून ६ टक्के ऑक्सिजनवर धूलिकण १५ ते २२, सल्फर डायऑक्साइड ७० ते ९० आणि नायट्रोजनची ऑक्साइडं ८५ ते ९५ राहतात. नायट्रोजनचा आकडा काठावरच आहे. लोड कमी असला की सायक्लोनमधलं तापमान उतरतं, युरिया नीट काम करत नाही आणि अमोनियाचा वास येतो. तो प्रश्न सुटलेला नाही.

विजेचा खर्च वाढला, हे लपवण्यात अर्थ नाही. लिग्नाइटची स्वस्ताई गेली, चुना आणि पिशव्यांचा खर्च आला. फॅनची वाचलेली वीज त्यापुढे थोडी आहे. शेठ अजूनही अधूनमधून ते बोलून दाखवतात.

गेटवरच्या फलकावर आता ऑक्सिजनचाही आकडा असतो. त्या भेटीत आम्ही सरपंचांना १५ आणि ११ चा हिशेब सांगितला होता. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्यांचा फोन आला : "साहेब, तीन दिवस झाले, तुमचा ओटू नऊ दाखवतोय." काकांनी उदबत्ती लावून पाहिलं. बॅग फिल्टरच्या एका दाराचं गॅस्केट गेलं होतं.

११ जुलै २०२५ ला मंत्रालयाची नवी अधिसूचना आली. 'क' गटातल्या, म्हणजे देशातल्या बहुसंख्य युनिटांना, चिमणीच्या उंचीची अट पाळली तर सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट. 'ब' गटाचं प्रत्येक प्रकरण स्वतंत्र तपासायचं. 'अ' गटाला ३१ डिसेंबर २०२७ ची मुदत. त्याच संध्याकाळी जी.एम. साहेबांनी नकाशा उघडला. जुन्या हद्दीपासून कारखाना ११ किलोमीटर भरतो. पण २०२० मध्ये भायली, बिल, सेवासी ही गावं महापालिकेत आली आणि शहर आपल्याकडे सरकलं. नव्या हद्दीपासून अंतर १० च्या बरंच आत आहे, म्हणजे आपण 'अ' गटात, सूट नाही. लिग्नाइटचा विषय निघाला तसा मिटला.

मला मात्र त्या सवलतीने अस्वस्थ केलं. चिमणी उंच केली म्हणून गंधक नाहीसं होत नाही. ते हवेत सल्फेटचे बारीक कण होऊन दूरवर जातं. दहा वर्षांपूर्वी जो जुना नियम मागे टाकला, त्याच्याच जवळ आपण परत गेलो याचं मला मनापासून दुःख आहे. ज्यांनी पैसे घालून काम केलं त्यांना आज शेजारचा कारखाना विचारतो, "तुम्ही घाई का केलीत?" या प्रश्नाचं चांगलं उत्तर कायद्याने द्यायला हवं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

आधी बॅग फिल्टर, मग इंधन. हा क्रम मी आता कधीही उलटा करणार नाही. गंधकाचं गणित आणि राखेचं गणित एकाच फळ्यावर, एकाच दिवशी मांडेन.

गॅसचा पर्याय एका वर्षाच्या भावावर बाद केला, ते घाईचं होतं. बॉयलरचं आयुष्य पंचवीस वर्षांचं आणि आम्ही निर्णय घेतला त्या महिन्याच्या भावावर. निदान निम्मा भार गॅसवर नेला असता तर काय, याचा लेखी हिशेब करून फाइलला ठेवायला हवा होता. त्या तरुण इंजिनिअरने तो मागितला होता. आम्ही केला नाही. ती आता दुसरीकडे नोकरी करते.

पर्यावरण मंजुरी २०१३ ची होती आणि अधिसूचना २०१५ ची. तेव्हा बॉयलर अजून जमिनीवर सुट्या भागांत होता. त्या वर्षी कोणी तळटीप वाचली असती तर बॅग फिल्टर मूळ आराखड्यातच बसला असता, खूप कमी खर्चात. कारखान्याने तेव्हा सल्लागार नेमलेला होता. तो मी नव्हतो, पण मी असतो तर मी ती वाचली असती असं छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पुढचं नूतनीकरण २०२७ मध्ये आहे. अर्जासोबत आम्ही स्वतःच अटींचा मसुदा देणार आहोत. आकड्यासोबत ऑक्सिजनचा आधार लिहिलेला असावा. सरासरी किती वेळाची ते लिहिलेलं असावं. वर्षात बॉयलर किती वेळा सुरू करायचा, दर वेळी तेलावर किती तास, आणि कापूस वेचणीच्या महिन्यांत नियोजित स्टार्टअप नाही, हेही असावं. चौथी मागणी माझी आहे : घनमीटरमागच्या मिलिग्रॅमसोबत दिवसाला एकूण किती किलो, याचीही मर्यादा. सुरतेत २०१९ पासून धूलिकणांच्या व्यापाराची जी योजना चालू आहे, तिथे कारखान्यांचा हिशेब एकूण भारावरच होतो. ब्रिटनची ४५० ग्रॅमची मर्यादाही प्रत्यक्षात ८५ टक्के लोड धरून वर्षाच्या एकूण टनांमध्येच लागू होते. किलोमध्ये मोजलं की जॉइंटमधून कितीही हवा आली तरी आकड्याला फरक पडत नाही.

पहिल्या तीन अटींना जी.एम. साहेबांनी होकार दिला आहे. किलोच्या अटीवर ते म्हणतात की कारखाना वाढवायचा झाला तर आपलेच हात बांधले जातील. पुढच्या महिन्यात शेठ, जी.एम. साहेब आणि मी पुन्हा बसणार आहोत. सरपंचांनाही बोलवावं असं मी सुचवलं आहे.